चोवीस तासांतील चोवीस पाने

चित्र काढावयास किती वेळ लागतो, हा प्रश्न चित्रकाराला विचारणारे पुष्कळ भेटतात. त्याचे सरळ उत्तर देणारा चित्रकार मात्र विरळा. एखादे रेखाचित्र चहाचा पेला निवण्याच्या आत उतरते, तर एखादे तैलचित्र वर्षानुवर्षे भिंतीकडे तोंड करून उभे असते व शेवटी तसेच राहते. कलेला घाई मानवत नाही, असे आपण सर्वजण समजतो, व ती समजूत अगदीच निराधार आहे असेही नाही. अशा स्थितीत कोणी असा पण मांडला की, आज सकाळी कोरा कागद पुढे घ्यावयाचा आणि उद्याची सकाळ होण्याच्या आत चोवीस पानांची एक संपूर्ण चित्रकथा कल्पून, लिहून, रेखाटून व शाईने गिरवून हातावेगळी करावयाची, तर ऐकणारा त्याला वेडा म्हणेल. तथापि हे वेड १९९० सालापासून चित्रकारांच्या जगात चांगलेच रुजले आहे. विशेषतः कला-विद्यार्थ्यांनी त्याला आपले म्हटले असून, रात्रभर शेजारी शेजारी बसून चित्रकथा काढण्याचे मेळावे अनेक देशांत भरत आले आहेत. हे वेड कोठून निघाले, आपल्या मातीत त्याचे काही नातलग सापडतात काय, आणि त्यात शिकणाऱ्याच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार मनोरंजक तर आहेच, पण बोधप्रदही आहे.

नागपूरकराला मुदतीच्या विनोदाची ओळख मुद्दाम करून द्यावयास नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, ह्या शहरात मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी मारबत १८८५ पासून निघते, असे परंपरा सांगते. भोसल्यांच्या घराण्यातील बाकाबाईंनी इंग्रजांशी जुळवून घेतले, त्या रागाची आठवण काळ्या मारबतीत आहे, अशी लोकसमजूत आहे. ह्या मारबतींबरोबर जे बडगे निघतात, ते आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहेत. बांबू, कागद, चिंध्या व रंग यांनी उभी केलेली ही थोराड सोंगे म्हणजे हातपाय फुटलेली व्यंगचित्रेच होत. त्या वर्षी लोकांना ज्याचा त्रास झाला असेल, मग ती महागाई असो, लाचलुचपत असो किंवा रोगराई असो, त्याचा बडग्या होतो, त्याच्या गळ्यात फलक अडकतो, आणि महाल-इतवारीच्या गर्दीतून त्याची हुर्यो करीत त्याला शेवटी जाळण्यात येते. बडगे करणारी मंडळी बहुधा मोहल्ल्यातील तरुण पोरे असतात. त्यांना पोळ्याची तिथी पुढे ढकलता येत नाही. नाक थोडे वाकडे झाले म्हणून मिरवणूक थांबत नाही. उलट वाकडे नाकच लोकांच्या अधिक ध्यानात राहते. मुदत ठरलेली, साहित्य हाताशी असेल ते, आणि कामाला दहा जणांची सोबत, ह्या तीन गोष्टी ज्याने बडग्याच्या भोवती पाहिल्या आहेत, त्याला पुढील हकीकत परकी वाटावयाची नाही.

प्रथम चित्रकथा हा प्रकार इतका वेळखाऊ का, हे पाहिले पाहिजे. एका पानावर सहा चौकटी धरल्या तर चोवीस पानांच्या कथेत एकशे चव्वेचाळीस चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत माणसे, त्यांचे हावभाव, मागची जागा आणि बोललेले शब्द यांची मांडणी करावी लागते. पहिल्या चौकटीत नायकाच्या डाव्या गालावर तीळ दिला, की तो एकशे चव्वेचाळिसाव्या चौकटीपर्यंत डाव्याच गालावर ठेवावा लागतो. देवनागरीत लिहिणाऱ्यापुढे आणखी एक अडचण असते. आपल्या लिपीतील अक्षराला शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांटीसाठी व खाली उकारासाठी जागा लागते. त्यामुळे आधी बोलण्याचा फुगा काढून मग त्यात शब्द बसवावयास गेले, तर शब्द फुग्याबाहेर सांडतात. जाणते लोक म्हणून आधी अक्षरे लिहितात व मग त्यांच्याभोवती फुगा ओढतात. अशा शेकडो लहान गोष्टींत चित्रकथाकाराचे आयुष्य जाते. ज्याला कादंबरी सुचते, त्याने ती लिहून काढावी. ज्याला चित्र सुचते, त्याने ते रंगवावे. पण ज्याला चित्रकथा सुचते, त्याने ती दोन्ही कामे एकदम करावयाची असतात.

ह्या कलेचा जो आधुनिक पाश्चात्य जनक मानला जातो, तो एक शाळामास्तर होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. जिनिव्हा येथील रोदॉल्फ टॉप्फर ह्याचा जन्म १७९९ सालचा. बाप चित्रकार, मुलालाही चित्रकारच व्हावयाचे होते. पण डोळ्यांच्या विकाराने तो मार्ग बंद झाला व त्याने मुलांसाठी वसतिगृहासह शाळा चालविली. १८२७ साली त्याने एका प्रेमवेड्या गृहस्थाची फजिती चित्रांच्या ओळींतून, खाली चार-चार शब्द लिहून, रंगविली. ती छापण्याचा त्याचा विचार नव्हता. विद्यार्थ्यांना व मित्रांना दाखवावी, हसवावे, एवढाच हेतू होता. पुढे ही हस्तलिखिते वयोवृद्ध महाकवी गटे ह्याच्यापर्यंत पोहोचली, त्याने ती वाखाणली, आणि मग १८३३ पासून टॉप्फरने ती छापावयास आरंभ केला. त्याने छपाईसाठी जी रीत पत्करली, तीत विशिष्ट कागदावर लेखणीने सरळ रेखाटावयाचे व ते दगडावर उतरवून घ्यावयाचे असे. रेघ पुसून पुन्हा ओढण्यापेक्षा ती एका दमात ओढण्याकडे त्याचा कल होता. त्याच्या चित्रांतील माणसे शरीरशास्त्राच्या कसोटीस उतरत नाहीत, पण ती पळतात, पडतात, रुसतात आणि वाचकाला पुढच्या चौकटीकडे ओढून नेतात. अर्थात चित्रकथेच्या आधुनिक अवताराच्या उगमापाशीच वेग, विद्यार्थी आणि विनोद ही त्रयी उभी आहे.

चित्रांची ओळ लावून गोष्ट सांगण्याची चाल आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याच्या नावावर असलेल्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. ती परंपरा कोकणात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाने आजवर सांभाळली आहे. तेथील चित्रकथीजवळ एकेका आख्यानाची चित्रांची पोथी असते. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली, कडेला रुंद डोळ्यांची, बाकदार नाकांची, बहुधा एका अंगाने दिसणारी माणसे. रामायण-महाभारतातील आख्यान गात गात, वीणा, टाळ व हुडुक यांच्या साथीने, तो एकेक चित्र श्रोत्यांसमोर उभे करतो. सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांचा ह्या कलेला आश्रय होता व देवळांतून ही कला सादर होत असे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रे पाहावयास मिळतात. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा शहरातील कित्येक सुशिक्षितांनी चित्रकथी हा शब्द प्रथमच ऐकला.

पिंगुळीची पोथी आणि ज्या मेळाव्याची हकीकत येथे सांगावयाची आहे तो, यांत एक ठळक भेद आहे. चित्रकथीची चित्रे एका बैठकीत निर्माण होत नसत. ती पिढ्यान्‌पिढ्या जपली जात, आणि प्रत्येक वेळी नवे होई ते गाणे व निरूपण. आधुनिक मेळाव्यात चित्रच त्या बैठकीत जन्माला येते. परंतु रात्र आणि गोष्ट यांचे नाते मराठी मनाला दोन्हीकडे सारखेच ओळखीचे आहे. कीर्तन, गोंधळ, दशावतार ही रात्रीची लेणी आहेत. आणि नागपूरच्या पूर्वेकडे, भंडारा-चंद्रपूर-गडचिरोलीच्या झाडीपट्टीत, दिवाळीनंतर मंडईच्या निमित्ताने जी नाटके होतात, ती तांबडे फुटेपर्यंत चालतात. दिवसाची कामे उरकल्यावर जी जाग उरते, ती गोष्टीच्या वाट्याला द्यावयाची, ही आपली जुनी वहिवाट आहे.

आता मूळ हकीकतीकडे वळू. अमेरिकेत १९९० साली दोन मित्र होते. एक स्कॉट मॅक्लाउड, वय तीस. दुसरा स्टीव्ह बिसेट, त्याच्याहून पाच वर्षांनी वडील. बिसेट हा न्यू जर्सीतील डोव्हर येथे १९७६ साली उघडलेल्या कुबर्ट ह्यांच्या चित्रकथा-शाळेच्या अगदी पहिल्या तुकडीचा विद्यार्थी. भयकथांच्या चित्रांसाठी त्याचे नाव झाले होते, पण कामाचा वेग बेताचा. ठरल्या मुदतीत पाने देणे त्याला नेहमीच जड जाई. मॅक्लाउडही स्वतः काही फार चपळ नव्हता. मात्र हाच बिसेट सहज म्हणून रेखाटावयास बसला की त्याचा हात विजेसारखा चालतो, हे मॅक्लाउडच्या ध्यानात आले होते. मग हात चालत असता काम का अडते? हात अडत नाही, मन अडते. हे पुरेसे चांगले होईल काय, ही शंका रेघेच्या आधी कागदावर येऊन बसते, हे त्याचे निदान. त्यावर त्याने औषध सुचविले ते असे की, दोघांनीही प्रत्येकी एका दिवसात एक संपूर्ण कॉमिक काढावे. अमेरिकेतील मासिक कॉमिकच्या अंकात सुमारे चोवीस पानांची कथा असे. दिवसाचे तासही चोवीस. तेव्हा तासाला एक पान, असा सोपा हिशेब ठरला. १९९० च्या ऑगस्टमध्ये मॅक्लाउडने आपली कथा पुरी केली, आणि पाठोपाठ बिसेटनेही आपली केली.

दोन मित्रांचा खेळ तेथेच संपावयाचा, पण तसे झाले नाही. त्यांची पाने इतर चित्रकथाकारांनी पाहिली व त्यांनाही तीच लहर आली. कॅनडातील डेव्ह सिम ह्याने आपली कथा काढली व आपल्या मासिकात अशा इतरांच्या कथांनाही जागा दिली. हळूहळू मॅक्लाउडने नियम बांधले. ते थोडे आहेत, पण विचारपूर्वक केलेले आहेत. काम सुरू होण्यापूर्वी कथानक, पात्रांची रूपे, कच्ची रेखाटने यांपैकी काहीही तयार असता कामा नये. कागद, लेखण्या, पाहून काढावयाची चित्रे, खाणेपिणे, गाण्यांच्या ध्वनिफिती यांची जमवाजमव मात्र आधी करण्यास मुभा आहे. पान कोणत्याही आकाराचे, साहित्य कोणतेही. चोवीस तास सलग मोजावयाचे. डुलकी घ्यावयाची तर खुशाल घ्यावी, पण घड्याळ कोणासाठी थांबणार नाही.

ह्या नियमांतील सर्वात लक्षणीय भाग, काम अपुरे राहिले तर काय, ह्या प्रश्नाच्या उत्तरात आहे. इंग्रज लेखक नील गेमन ह्याने हा पण घेतला. तो व्यवसायाने चित्रकार नव्हे, लेखक. त्याने रोमच्या एका लहरी सम्राटाची गोष्ट मांडावयास घेतली. चोवीस तास भरले, पाने मात्र चोवीस झाली नाहीत. तो जेथे होता तेथेच त्याने लेखणी ठेवली. ‘निंजा टर्टल्स’च्या दोन जनकांपैकी एक असलेला केव्हिन ईस्टमन ह्याचेही चोवीस तासांत पुरे झाले नाही, पण त्याने उलट मार्ग धरला, तास उलटून गेले तरी चोविसावे पान होईपर्यंत तो उठला नाही. मॅक्लाउडने ह्या दोघांना नापास केले नाही. त्याने ह्या दोन्ही अपयशांना त्यांच्या कर्त्यांची नावे दिली व नियमांत मानाने जागा दिली: वेळ संपताच थांबणारा तो गेमनच्या वाटेचा, आणि काम संपेपर्यंत न थांबणारा तो ईस्टमनच्या वाटेचा. प्रामाणिकपणे बसला व हरला, तर तेही एक प्रकारचे उत्तीर्ण होणेच, असा ह्या खेळाचा न्याय आहे.

एकट्याने घरी बसून करावयाच्या ह्या खेळाला जत्रेचे रूप मिळाले ते २००४ साली. नॅट गर्टलर नावाच्या प्रकाशक-लेखकाने त्या वर्षी २४ एप्रिल हा दिवस ‘चोवीस तासांच्या कॉमिकचा दिवस’ म्हणून मुक्रर केला. एप्रिलची चोविसावी तारीख, चोवीस तास, चोवीस पाने. दुकानांतून, शाळांतून, घरांतून लोक एकत्र जमून काढावयास बसले. पुढे हा दिवस ऑक्टोबरकडे सरकला व देशोदेशी पोहोचला. फ्रान्समध्ये चित्रकथांचे माहेरघर मानल्या जाणाऱ्या आंगुलेम गावी २००७ पासून ल्युइस त्राँदाइम ह्या चित्रकाराच्या पुढाकाराने असाच मेळावा भरू लागला. तेथे आरंभीच सर्वांना मिळून एक अट सांगण्यात येते व ती पाळून प्रत्येकाने आपली कथा गुंफावयाची असते. नाटकवाल्यांनीही हे लोण उचलले. न्यूयॉर्कमध्ये १९९५ साली एका दिवसात नाटक लिहून, बसवून, खेळून दाखविण्याची प्रथा सुरू झाली, तिचे मूळ चित्रकथेच्या ह्या पणात आहे. आणि ज्याच्या मंद हाताला जाग आणण्यासाठी हे सारे निघाले, तो बिसेट पुढे व्हर्माँट संस्थानातील २००५ साली उघडलेल्या चित्रकथा-विद्यालयात अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवीत होता.

अशा रात्री एका दालनात काय घडते, ते समजून घेतल्यावाचून ह्या प्रथेचे मर्म कळावयाचे नाही. आरंभी सर्वांना वेळ विपुल वाटतो. पहिल्या पानावर शहराचा देखावा सविस्तर निघतो, खिडक्यांचे गज मोजून काढले जातात, आणि त्या एका पानात अडीच तास जातात. मग कोणीतरी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहते व सगळ्यांच्या माना कागदावर वाकतात. तिसऱ्या-चौथ्या पानापासून गज नाहीसे होऊ लागतात. पात्रांचे हात खिशात जातात, कारण हात काढणे कठीण. नायकाला टोपी येते, कारण केस वेळ खातात. हा आळस नव्हे. काय ठेविले म्हणजे गोष्ट कळते आणि काय गाळले तरी चालते, ह्याचा विवेक तेथे शिकविल्यावाचून शिकला जातो. मध्यरात्रीच्या सुमारास गप्पा वाढतात, चहा येतो, एकाचा विनोद दुसऱ्याच्या चौकटीत जाऊन बसतो. दोन-अडीच वाजल्यावर गप्पा आपोआप विझतात. तीन ते पाच ही वेळ सर्वात कठीण. तेव्हा कथा कोठे चालली आहे हे कर्त्यालाही कळेनासे होते, आणि रात्री आठ वाजता अगदी चतुर वाटलेली कल्पना निर्जीव वाटू लागते. एकटा असता तर माणूस येथे उठून झोपावयास गेला असता. पण शेजारचा टाक कागदावर कुरकुरत असतो. समोरची मुलगी अठराव्या पानावर पोहोचलेली दिसते. आणि उठणाराला आपली खुर्ची रिकामी दिसेल ह्याची लाज वाटते. ह्या सोबतीचा आधार शाळेच्या वर्गातील सोबतीहून निराळा आहे. वर्गात सगळे एकाच आदर्शाकडे पाहून काढतात व कोणाचे अधिक हुबेहूब झाले ह्याची तुलना होते. येथे प्रत्येकाचा विषय वेगळा, प्रत्येकाची चूकही वेगळी. सर्वांत समान असते ती एकच गोष्ट, उरलेली पाने.

ह्यावर एक आक्षेप सहज सुचतो व तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. घाईत केलेले काम कच्चेच राहावयाचे. मग तरुणांना जागरण घडवून कच्चे काम करावयास शिकविण्यात अर्थ कोणता? कलेची साधना ही वर्षांची असते, रात्रीची नव्हे. हे म्हणणे खरे आहे, आणि ह्या मेळाव्यातील बहुतेक पाने पुन्हा वाचावीशी वाटणारी नसतात, हेही खरे. जागरण वरचेवर करण्याची गोष्ट नव्हे. वर्षातून एकदा करावयाची गोष्ट रोजची केली तर तिचे औषध विष होते. परंतु मुदत आणि उत्तम काम यांचे वैर आहे असे मात्र इतिहास सांगत नाही. १९३८ च्या फेब्रुवारीत गुजरातमधील हरिपुरा येथे राष्ट्रसभेचे अधिवेशन भरावयाचे होते. सुभाषचंद्र बोस अध्यक्ष. गांधीजींच्या इच्छेवरून मंडपाच्या सजावटीचे काम शांतिनिकेतनचे नंदलाल बसू यांनी पत्करले. अवधी थोडा, जागा अफाट आणि पाहणारे खेड्यापाड्यांतील लोक. नंदलालांनी व त्यांच्या सहकारी-विद्यार्थ्यांनी मिळून सुमारे चारशे चित्रफलक तयार केले. त्यांतील ऐंशीहून अधिक स्वतः नंदलालांच्या हातचे होते. ढोल वाजविणारा, सुतार, दळण दळणारी स्त्री, कुस्तीगीर अशी साधीसुधी माणसे, जाड कुंचल्याची ठसठशीत रेघ, मातीचे मोजके रंग. तपशील भरावयास वेळ नव्हता. म्हणून रेघेलाच सारे सांगावे लागले. हे फलक आज भारतीय चित्रकलेचे भूषण मानले जातात. नंदलालांच्या हाताला त्यामागे आयुष्याची तयारी होती, हे कोणी नाकारणार नाही. पण त्या मुदतीने त्या तयारीतील अनावश्यक भाग झडून गेला, हेही तितकेच खरे.

विद्यार्थ्याच्या हातून हरिपुऱ्याचे फलक उतरणार नाहीत. त्याचा लाभ निराळा आहे, आणि तो मराठी चित्रकथेच्या स्थितीकडे पाहिले असता अधिक स्पष्ट होतो. आपल्या वाचकाला चित्रांची गोडी नाही असे म्हणण्याची सोय नाही. १९२० साली निघालेल्या किर्लोस्करांच्या मासिकात शंकरराव किर्लोस्कर स्वतः व्यंगचित्रे काढीत. १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झाले व त्यांतील वेताळ मराठी मुलांच्या घरातलाच होऊन बसला. १९६७ मध्ये अनंत पै यांनी अमर चित्रकथा सुरू केली. राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी रंगविलेले कृष्ण, शिवाजी दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत भरून राहिले आहेत. १९९१ च्या नोव्हेंबरात चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांचा चिंटू दैनिकाच्या पानावर आला आणि सकाळच्या चहाचा सोबती झाला. परंतु ह्या साऱ्यांत लेखक बहुधा एक, चित्रकार दुसरा, अक्षरे लिहिणारा तिसरा, अशी विभागणी असे. मोठ्या कारखान्याला ती सोयीची असते. शिकणाऱ्या मुलाची मात्र तीमुळे अशी समजूत होते की, आपण केवळ चित्रे काढावयाची. गोष्ट दुसरा कोणी देईल. तो दुसरा बहुधा येत नाही. म्हणून कित्येक गुणी विद्यार्थ्यांच्या वह्यांत पहिल्या तीन पानांच्या चित्रकथा डझनावारी सापडतात, आणि चौथे पान एकाही कथेला नसते.

चौथे पान हीच ह्या विषयातील खरी अडचण आहे. आपल्याकडील मुलांना ठरल्या वेळात चित्र काढण्याचा सराव नाही असे नाही. महाराष्ट्रात शाळेत शिकलेल्या असंख्य मुलांनी एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या आहेत. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अशा एकेका पत्रिकेला ठराविक तास, आणि वेळ संपताच कागद परत. त्या परीक्षांनी हाताला वळण लावले, ह्यात शंका नाही. परंतु परीक्षेत मुदत ही धाक म्हणून उभी असते. अपुऱ्या चित्राचे गुण जातात, आणि अपुरे राहण्याची भीती मनात घर करते. पुढे हीच मुले कलाशाळेत जातात तेव्हा ती भीती बरोबर नेतात. आणि फसण्यापेक्षा न आरंभिलेले बरे, असा सावध पवित्रा घेतात. चोवीस पानांच्या रात्रीत मुदत तीच असते, पण धाक गेलेला असतो. गेमनच्या वाटेने थांबलेल्यालाही तेथे मान आहे व ईस्टमनच्या वाटेने रेंगाळलेल्यालाही. जो सकाळी उठतो त्याच्या हाती चांगली किंवा वाईट, पण स्वतः कल्पिलेली, स्वतः लिहिलेली व शेवटापर्यंत नेलेली एक गोष्ट असते. आपण शेवटपर्यंत जाऊ शकतो, हे ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळत नाही. आणि एकदा मिळाले की पुढची कथा महिन्याच्या सावकाशीने, नीटनेटकी, करण्यासही तेच उपयोगी पडते.

नागपुरास अशी रात्र भरविणे काही अवघड नाही. शासकीय चित्रकला महाविद्यालय येथे आहे, चित्रकला शिकविणारे इतर वर्ग आहेत, आणि ज्या शहराचा दुपारचा उन्हाळा माणसाला घरात कोंडतो, त्या शहराला रात्रीची किंमत ठाऊक आहे. एखादे दालन, पुरेसे दिवे, कागदाचे दस्ते, काळ्या शाईच्या बाटल्या, चहाची व्यवस्था, आणि घरच्यांना धीर देणारे एक-दोन वडीलधारे शिक्षक, एवढी सामग्री पुरे. नवख्यांना चोवीस तास जड वाटले, तर बारा तासांत बारा पाने काढावी. तासाला एक पान हा हिशेब तेथेही तोच राहतो. विषयांची तर ह्या शहरात वाण नाही. सीताबर्डीच्या बाजारात, संत्र्यांच्या मोसमात, इतवारीच्या गल्लीबोळांत बोलली जाणारी खास वऱ्हाडी-नागपुरी वाणी अजून चित्रकथेच्या फुग्यात फारशी शिरलेली नाही. ती तेथे आणावयाची तर ती ऐकत वाढलेल्या मुलांनीच आणावी लागेल. पुण्या-मुंबईच्या लेखकाकडून कथा येण्याची वाट पाहून ते होणार नाही.

अशा मेळाव्यातून निघालेल्या पानांचे पुढे काय करावे, हाही प्रश्न आहे. त्यांतील थोडी छापण्याजोगी असतील, बरीचशी नसतील. पण ती सारी एका दोरीवर ओळीने टांगून दुसऱ्या दिवशी घरच्यांना, शेजाऱ्यांना, शाळेतील लहान मुलांना दाखवावी. एखादी कथा अकराव्या पानावर, दाराची कडी वाजते त्याच चौकटीत, थांबलेली असेल. तीही इतरांच्या शेजारीच टांगावी, आणि तिच्यापुढे एक कोरा कागद लावून ठेवावा. दार उघडल्यावर बाहेर कोण उभे असेल, ह्याचा विचार करीत लहान मुले सर्वात जास्त वेळ तेथेच रेंगाळतील, आणि त्यांतील एखाद्याच्या हातात संध्याकाळी घरी गेल्यावर पेन्सिल दिसेल.